बंद ठेवलेलं मॉड्यूल

बुधवारी सकाळी साडेदहाला साहेबाच्या नव्या लॅपटॉपवर लाल अक्षरं उमटली, आणि जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या मास्तरणीला ती बातमी पावणेअकराला कळली. ऐकून तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. या माणसाचं काहीतरी बिघडावं म्हणून ती अठरा महिने वाट बघत होती, आणि सर्दीपडशावर समाधान मानायची तिची तयारी नव्हती.

मास्तरीण हे तिचं ऑफिसातलं नाव. शाळेत ती कधी शिकवायला नव्हती. वीस वर्षं जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणारी बाई. पण नवा माणूस आला की त्याला शेजारी खुर्ची देऊन शिकवायची, आणि शिकवताना तिचा एकच धोशा असायचा. एरर आली की खालची शेवटची ओळ बघून पळत सुटू नका. वर जा, पहिली चूक शोधा, आणि ती मोठ्याने वाचा. शेवटपर्यंत वाचा. मोठ्याने वाचलं की माणूस ओळ गाळत नाही, असं तिचं म्हणणं. लोक हसायचे, पण वाचायचे.

कंपनी प्रयोगशाळांसाठी रिपोर्ट तयार करणारं सॉफ्टवेअर बनवायची. रक्त तपासणारं यंत्र आकडा देतं, तो आकडा तपासून, बदलून, कागदावर छापून डॉक्टरच्या हातात द्यायचा, एवढंच काम. पण त्यासाठी अकरा मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग, होते. एक यंत्राशी बोलायचं, एक पेशंटची माहिती ठेवायचं, एक छापायचं. त्यातलं ‘युनिट्स’ नावाचं मॉड्यूल एका मापातला आकडा दुसऱ्या मापात न्यायचं, आणि लहान मुलांची मापं मोठ्यांपेक्षा वेगळी म्हणून त्यात तक्तेच तक्ते होते. युनिट्सची पहिली ओळ मास्तरणीने लिहिलेली आणि शेवटचीही.

साहेब सहा वर्षांपूर्वी तिच्याच शेजारच्या खुर्चीत बसून शिकला. तेव्हा त्याला झटपट म्हणत, आणि पाठीमागे अजून म्हणतात. पोरगा हुशार, बोटं भराभर चालायची, पण काहीही शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा. मेलच्या दोन ओळी वाचून “कळलं, कळलं” म्हणायचा आणि तिसऱ्या ओळीत जे होतं त्याच्या नेमकं उलट करून यायचा. दोन वर्षांत तो साहेब झाला. मास्तरणीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही. तिला खुर्चीची हौस नव्हती, तिला तिची अकरा मॉड्यूलं पुरत होती.

मग ते प्रकरण झालं. अठरा महिन्यांपूर्वी, महिन्याच्या चौदा तारखेला, मास्तरणीला युनिट्समध्ये स्वतःचीच एक चूक सापडली. दहा वर्षांखालच्या मुलांचा एक आकडा दहापट मोठा निघत होता. तिने ती त्याच दिवशी दुरुस्त केली आणि दुरुस्त केलेलं सगळ्यांच्या सामाईक साठ्यात पाठवून दिलं. अठरा तारखेला नवी आवृत्ती प्रयोगशाळेत गेली, आणि तिच्यात चूक जशीच्या तशी होती. एका सात वर्षांच्या मुलीचा आकडा दहापट छापला गेला. तिला नसलेल्या आजाराची औषधं देत नऊ दिवस हॉस्पिटलात ठेवलं, दोन्ही हातांना सुया टोचटोचून. दहाव्या दिवशी एका डॉक्टरला शंका आली आणि त्याने दुसरीकडे तपासून घेतलं, म्हणून सुटली.

चौकशीचा अहवाल साहेबाने लिहिला. अर्ध्या पानाचा. दुरुस्ती बाईंच्या कॉम्प्युटरवर झाली होती, पण सामाईक साठ्यात वेळेवर पाठवायला त्या विसरल्या. साठ्याचा सर्व्हर नेमका त्याच महिन्यात बदलला होता, जुन्या नोंदी गेल्या होत्या. मास्तरीण म्हणाली, “मी पाठवलं होतं.” तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणताना तिचा आवाज तिलाच खोटा वाटला. खरंच पाठवलं होतं का? की पाठवायचं म्हणून उठले आणि कोणीतरी हाक मारली? खापर डोक्यावर फुटलं ते एक, पण स्वतःवरचा विश्वास उडाला हे तिने साहेबाला कधीच माफ केलं नाही.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. अहवालानंतर साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, “बाई, तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन माफी मागितलीत तर बरं दिसेल.”

ती गेली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलीच्या आईने साखळी न काढता दार वीतभर उघडलं. “शेवटी शेवटी तिच्या हाताची शीर सापडत नव्हती,” ती म्हणाली. “तुम्ही पाठवायला विसरलात म्हणे?” मास्तरीण म्हणाली, “हो. माझी चूक झाली.” दार लागलं. खाली उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग तिला जिन्याखालची खोली मिळाली, आणि प्रिंटर चालत नाही म्हणणाऱ्यांचे फोन मिळाले. मुलांचे आकडे दुसऱ्या मॉड्यूलातून न्यायचं ठरलं, युनिट्समधले जुने तक्ते तसेच पडून राहिले, आणि युनिट्सला यापुढे कोणी हात लावायचा नाही असा हुकूम निघाला.

तर त्या बुधवारी तिला वर बोलावणं आलं.

साहेबाचा नवा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. जुना हळू झाला म्हणून सोमवारी नवा घेतला होता. त्याचा नियम असा, की प्रयोगशाळेत जाणारी आवृत्ती, सगळी मॉड्यूलं एकत्र जोडून, फक्त त्याच्याच लॅपटॉपवरून बांधायची. शेवटचं बटण आपल्या बोटाखाली हवं ही त्याची हौस. शुक्रवारी नवी आवृत्ती द्यायची होती. बाकी सगळ्यांच्या यंत्रांवर प्रोजेक्ट सुरळीत बांधला जात होता. साहेबाच्या यंत्रावर नाही.

“बघा,” तो म्हणाला. “युनिट्स दोन पॉइंट चार सापडत नाही म्हणतंय. पुन्हा तुमचंच मॉड्यूल, बाई. आता काय केलंत त्याला?”

“मी अठरा महिने त्याला शिवलेली नाही, साहेब. तुमचाच हुकूम आहे.”

“मग आपोआप तुटलं का? उद्या अकराला प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई येताहेत. मी त्यांना काय सांगू?”

“बसू का?” मास्तरणीने विचारलं आणि त्याच्या खुर्चीत बसली.

आयडीईच्या, म्हणजे कोड लिहायच्या आणि बांधायच्या प्रोग्रॅमच्या, डाव्या बाजूला अकरा मॉड्यूलांची यादी होती. दहा नावं ठळक काळी, अकरावं राखाडी. युनिट्स. तिला सगळं कळायला तेवढं बघणं पुरलं. साहेबाने ते मॉड्यूल बंद करून ठेवलं होतं. बंद केलेल्या मॉड्यूलाचा कोड आयडीई वाचतच नाही. त्याऐवजी त्या यंत्राच्या स्वतःच्या कोठीत पूर्वी बांधून ठेवलेली तयार फाइल शोधतो आणि तीच वापरतो. नव्या लॅपटॉपची कोठी रिकामी, म्हणून लाल अक्षरं. जुन्यावरून त्याने आपल्या सवयीच्या सेटिंग्ज तेवढ्या उचलून आणल्या होत्या, त्यांच्याबरोबर ही बंद ठेवायची खोडही आली होती. राखाडी नावावर एक क्लिक, मग ‘उघडा’, आणि काम झालं असतं. तिचं बोट माउसवर गेलंही.

आणि थांबलं. कारण पुढचा विचार आला. नव्याची कोठी रिकामी आहे, जुन्याची नव्हती. मग जुन्यावर हा इतके दिवस काय उचलत होता? कधीची फाइल?

चेहरा मात्र तिने प्रिंटरच्या फोनवर ठेवते तसाच ठेवला.

“वेळ लागेल,” ती म्हणाली. “जुना लॅपटॉप कुठाय?”

“सिस्टिमवाल्याकडे. पुसून कोणाला तरी द्यायचाय. कशाला?”

“दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागेल.”

“बघा, काय हवं ते बघा,” साहेब म्हणाला आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

सिस्टिमवाल्याला सगळे पाना म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम एक पाना असायचा. त्याच्या खोलीत केबलींच्या ढिगाऱ्यामागे सहा लॅपटॉप एकावर एक रचलेले होते आणि वर चिठ्ठी: ‘दुपारी बाराला पुसणे’. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

“वरून तिसरा,” पाना म्हणाला. “त्या भंगारात काय ठेवलंय बाई?”

“माझं एक सामान राहिलंय,” मास्तरीण म्हणाली.

जिन्याखालच्या खोलीत दार लावून तिने तो उघडला. कोठीत शिरली. युनिट्स, दोन पॉइंट चार, एकच फाइल. तारीख दहा, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटं. तिच्या दुरुस्तीच्या चार दिवस आधीची, चुकीसकट. मग तिने त्याच लॅपटॉपवर युनिट्सच्या कोडचं फोल्डर उघडलं. मुलांच्या तक्त्याची फाइल त्यात दुरुस्त होती. तिचीच दुरुस्ती, तिचीच टीप शेजारी. आणि ती फाइल साहेबाच्या लॅपटॉपवर उतरल्याची तारीख होती सोळा, सकाळी नऊ चाळीस. आवृत्ती अठराला गेली होती.

म्हणजे तिने पाठवलं होतं. ते साठ्यात पोचलं होतं. साठ्यातून या गृहस्थाच्या मांडीवर येऊन दोन दिवस पडलं होतं. आणि त्याने मॉड्यूल बंद ठेवून कोठीतली शिळी फाइल उचलून प्रयोगशाळेत पाठवून दिली.

“मी पाठवलं होतं,” मास्तरीण रिकाम्या खोलीला म्हणाली. पाचव्यांदा म्हणाली, आणि या वेळी आवाज तिचा होता. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं, आणि त्यानंतर जे मनात आलं ते काही चांगलं नव्हतं. या माणसाला असं सोलून काढायचं, की परत कातडी चढता कामा नये.

तिने चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत ‘पुसू नये’ लिहून लॅपटॉपवर चिकटवलं, तो पान्याच्या कपाटात ठेवला आणि किल्ली मागून घेतली. पान्याने एकदा पट्टीकडे आणि एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने किल्ली दिली. मग ती वर गेली.

“सापडलं?” साहेबाने विचारलं.

“जवळजवळ. उद्या डॉक्टरीणबाईंसमोरच दाखवते. पडद्यावर. मालकांनाही बसवा.”

“युनिट्सचंच निघालं ना?”

“युनिट्सचंच आहे.”

साहेबाने समाधानाने मान डोलावली. पुढे काही विचारलं नाही, त्याला तेवढं पुरलं.

घरी सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि नवरा चष्म्याच्या दुकानातून येऊन पाय वर करून पडला होता. तिने सगळं सांगितलं. सासूबाईंच्या हातातला वाटाणा तसाच राहिला.

“म्हणजे त्या मेल्याने केलं आणि तुला दारोदार पाठवलं?”

“एकाच दारी, आई.”

“एक काय कमी झालं? तू रात्र रात्र जागी असायचीस. मी ऐकत होते. याला वाटायचं मला ऐकू येत नाही.”

“अगं, सरळ सगळ्यांना मेल कर,” नवरा म्हणाला. “तारखा, फोटो, सगळं. एका मिनिटात विषय संपतो.”

“एका मिनिटात संपवायचा नाहीये मला.”

नवऱ्याने चष्मा काढून पुसला. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम केलेला माणूस. बायकोच्या डोळ्यांत काय आहे ते त्याला चष्म्याशिवाय दिसलं. “तुझी नोकरी जाईल असं काही करू नकोस,” तो म्हणाला.

“करू दे तिला,” सासूबाई म्हणाल्या. “मी असते तर त्याच्या डोक्यात तोच लॅपटॉप घातला असता. तू काय करणारेस?”

“वाचायला लावणार आहे,” मास्तरीण म्हणाली. सासूबाईंची जरा निराशा झाली.

गुरुवारी अकराला मोठ्या खोलीत पडद्यासमोर मालक, डॉक्टरीणबाई आणि कंपनीतले सहाही प्रोग्रॅमर बसले होते. डॉक्टरीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. ती मुलगी त्यांच्याच प्रयोगशाळेची पेशंट होती, आणि अठरा महिने त्या मास्तरणीच्या नमस्काराला नुसती मान हलवत आल्या होत्या. मास्तरणीने दोन्ही लॅपटॉप पडद्याला जोडले. जुना बघून साहेबाच्या कपाळावर एक आठी पडली, पण एकच.

“मी मागे उभी राहते,” ती म्हणाली. “साहेब, तुम्हीच बसा. मी सांगते ते उघडा आणि वाचा. सगळ्यांना ऐकू येईल असं.”

साहेब हसत बसला. जुन्या विद्यार्थ्याशी गंमत चाललीय असं त्याला वाटलं असावं.

“नव्यावर पहिली चूक कोणती?”

“युनिट्स दोन पॉइंट चार सापडत नाही.”

“यादीत युनिट्स कसं दिसतंय?”

“राखाडी. म्हणजे... बंद आहे.”

“आता जुन्यावर बघा. तिथे?”

“तिथेही बंद.”

“कोठी उघडा. युनिट्सच्या फाइलीची तारीख वाचा.”

त्याने वाचली. दहा तारीख, अमुक महिना. वाचता वाचता त्याचा आवाज मंदावला, कारण तो महिना त्या खोलीत सगळ्यांना पाठ होता. एका प्रोग्रॅमरची खुर्ची करकरली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“आता युनिट्सचा कोड. मुलांचा तक्ता. तुमच्या यंत्रावर कधी उतरला?”

“हे नंतर बघू या. आधी शुक्रवारचं—”

“तारीख वाच,” मास्तरीण म्हणाली.

चार वर्षांनी तिने त्याला ‘तू’ म्हटलं होतं. मालकांनी वर बघितलं, पण तिला थांबवलं नाही.

“सोळा,” साहेब म्हणाला. “सकाळी नऊ चाळीस.”

“आणि तक्त्यात चूक आहे की दुरुस्ती?”

तो पडद्याकडे बघत राहिला. उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. त्यांना तो आकडा झोपेतही ओळखता आला असता. “दुरुस्ती आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ती आमच्याकडे येण्याच्या दोन दिवस आधी तुमच्या हातात होती. आणि आम्हाला तुम्ही दहा तारखेचं शिळं दिलंत.”

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण माणूस हुशार. त्याला लगेच आधार सापडला. भिंतीवर एक कागद होता, ऑफिसातल्या प्रत्येक टेबलापाशी चिकटवलेला, मास्तरणीच्या अक्षरातला. नव्या माणसाने प्रोजेक्ट कसा उभा करायचा त्याच्या नऊ ओळी.

“बंद ठेवायला मला कोणी शिकवलं?” तो उठून म्हणाला. “यांनीच. सातवी ओळ बघा. ‘युनिट्स उघडायला वेळ लागतो, घाई असेल तर बंद ठेवून काम करा.’ यांचं अक्षर आहे हे. मी फक्त सांगितलं तसं केलं.”

मास्तरणीला इतका आनंद वर्षानुवर्षांत झाला नव्हता. तो तिकडे जाईल ही तिची आशा होती. आपल्या पायांनी जाईल इतकी खात्री नव्हती.

“बरोबर,” ती म्हणाली. “माझंच अक्षर. आता आठवी वाच.”

साहेबाने आठव्या ओळीकडे पाहिलं. सहा वर्षं तो कागद त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं की ही ओळ तो पहिल्यांदाच बघतोय.

“वाच. मोठ्याने.”

“‘आवृत्ती बाहेर देण्याआधी युनिट्स न विसरता उघडा,’” साहेबाने वाचलं, “‘आणि सगळी मॉड्यूलं पहिल्यापासून बांधा.’”

मालक खाकरले आणि म्हणाले, “बाई, तुमची वरची जागा—”

“जागेचं नंतर,” मास्तरीण म्हणाली. “अहवाल बदला, तो यालाच लिहायला लावा. आणि हा त्या मुलीच्या घरी जाईल. मी गेले होते तसा.”

“मी पत्र लिहितो,” साहेब घाईने म्हणाला. “कंपनीच्या कागदावर, सही करून. आजच पाठवतो.”

“पत्र नको. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. शनिवारी सकाळी. मी बरोबर येईन.”

“हे जरा जास्त होतंय,” तो मालकांकडे बघून म्हणाला. मालकांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

“पुढचा करार हवा असेल तर जातील ते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मास्तरणीकडे वळून, तिची नजर टाळत त्यांनी विचारलं, “आणि हे दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?”

मास्तरीण पुढे वाकली. नव्या लॅपटॉपवर राखाडी नावावर क्लिक केलं, ‘उघडा’ निवडलं, सगळं पहिल्यापासून बांधायला लावलं. काही मिनिटं ओळी सरकल्या आणि शेवटी हिरवं अक्षर आलं.

“हे काल सकाळीच कळलं होतं तुम्हाला?” साहेबाने दबक्या आवाजात विचारलं.

“बसल्याबरोबर,” ती म्हणाली.

शनिवारी दोघं जिना चढले. तोच जिना, तोच दुसऱ्या मजल्यावरचा चिरलेला कठडा. वळणावरच्या पायरीशी मास्तरीण थांबली. तिथून वरचं दार दिसत होतं. “जा,” ती म्हणाली. “मी इथे आहे.”

त्याने बेल दाबली. साखळी न निघता दार वीतभर उघडलं. फटीत मुलगी होती, साडेआठ वर्षांची, दोन वेण्यांतली एकच घातलेली.

“आई घरी नाहीये. आजी आंघोळीला गेलीय,” ती म्हणाली. “निरोप असेल तर मी लिहून घेते.”

“मग मी नंतर येतो,” साहेब म्हणाला आणि लगबगीने वळला. चार पायऱ्या उतरला. मास्तरीण वळणावर जिन्याच्या मधोमध उभी होती, आणि ती हलली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. तिला त्याची दया येते का हे तिने स्वतःला तपासून बघितलं. येत नव्हती. तो परत वर गेला.

मुलगी कागद-पेन्सिल घेऊन आली होती. “सांगा.”

“आईला सांग... तुझ्या रक्ताच्या रिपोर्टात चूक झाली होती ना? ती माझी होती.”

पेन्सिल थांबली. मुलीने डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला नकळत हात लावला. “ती तर त्या बाईंची होती,” ती म्हणाली. “त्या आल्या होत्या. त्यांनी स्वतः सांगितलं. मी आईच्या मागे होते.”

“त्यांची नव्हती. मी त्यांना पाठवलं होतं.”

“का?”

साहेबाने खाली जिन्याकडे बघितलं.

“का ते नाही लिहिलं तर आई मलाच विचारेल,” मुलगी म्हणाली.

“नीट शोधायला वेळ लागला असता,” तो म्हणाला. “त्यांच्यावर ढकलणं लवकर झालं.”

मुलीने जीभ दातांत धरून सगळं लिहिलं. सावकाश, एकेक शब्द. खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. साहेबाने दोनदा घड्याळ बघितलं. मग फटीतून कागद बाहेर आला.

“आई म्हणते निरोप लिहिला की ज्याचा त्याने वाचून बघायचा. काही राहायला नको. वाचा.”

त्याने कागद घेतला. पहिल्या ओळीवरून नजर फिरवली आणि पुटपुटला, “बरोबर आहे, कळलं,” आणि कागद परत द्यायला हात पुढे केला. मुलीने तो घेतला नाही.

“मोठ्याने,” मास्तरीण खालून म्हणाली. “आणि शेवटपर्यंत.”